चेतनेच्या उत्क्रांतीचे दर्शन कसे अभ्यासावे आणि कसे आचरावे

मनुष्य हा उत्क्रांतीचा शेवट नसून तिचा मधला मुक्काम आहे, आणि शरीर, प्राण, मन व आत्मा यांची एकमेकांशी जुळणी होत गेली तर त्याच्यातून अधिक परिपूर्ण असे काही घडू शकते, असे मानणारी दर्शने विसाव्या शतकात पूर्वेकडे आणि पश्चिमेकडेही मांडली गेली. श्रीअरविंद, पिएर तेयार द शार्दँ आणि झां गेब्सर हे त्या विचाराचे तीन मोठे प्रवक्ते. ही दर्शने वाचणाऱ्याचे मन भारावून जाते आणि आपणही काही करावे असे त्याला वाटू लागते. पण नेमके काय करावे, हे त्या ग्रंथांतून सहजासहजी हाती लागत नाही. म्हणून अभ्यास कोठून सुरू करावा, रोजच्या जगण्यात त्याला जागा कशी द्यावी आणि वाट चुकत असल्यास ते कशावरून ओळखावे, याची एक पद्धत येथे मांडली आहे. तिच्या मुळाशी एकच कसोटी आहे: वरच्या पातळीचा अनुभव आल्यानंतर खालच्या पातळीशी साधकाचे नाते कसे राहिले? जे दर्शन शरीराला, भावनांना, बुद्धीला किंवा आपल्याहून निराळ्या माणसांना मागे टाकून पुढे जायला शिकवते, त्याची भाषा कितीही उंच असली तरी त्याला समग्र म्हणता येत नाही.

आधी जीवशास्त्र स्पष्ट करून घ्यावे

अभ्यासाची सुरुवात अध्यात्मापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी जीवशास्त्रातील उत्क्रांतीचा एखादा चांगला परिचयग्रंथ वाचावा आणि त्यातील दोन गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात. पहिली अशी की, चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये सविस्तर मांडलेली नैसर्गिक निवड कोणत्याही ध्येयाकडे चाललेली नसते. ज्या जीवांचे गुण त्या त्या परिस्थितीत तगून राहायला आणि प्रजननाला उपयोगी पडतात त्यांची संतती वाढते, एवढेच ती सांगते. दुसरी अशी की, जीवसृष्टीला फांद्या फुटत गेल्या आहेत. एक जात संपून तिच्या डोक्यावर दुसरी श्रेष्ठ जात उभी राहिली, असे घडलेले नाही. जीवाणू सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपासून पृथ्वीवर आहेत आणि आजही सर्वत्र भरभराटीत आहेत, तर आपल्या जातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. मनुष्य हे सृष्टीचे शिखर आहे, असे विधान जीवशास्त्र करत नाही.

हे समजल्यावर चेतनेच्या उत्क्रांतीची कल्पना बाद होत नाही. ती कोणत्या प्रकारची कल्पना आहे, हे मात्र स्वच्छ दिसू लागते. नैसर्गिक निवडीचा शोध डार्विनच्या बरोबरीने ज्याच्या नावावर आहे, त्या आल्फ्रेड रसेल वॉलेसनेच १८६९ मध्ये असे म्हटले होते की, माणसाच्या उच्च बौद्धिक आणि नैतिक शक्तींचा उलगडा केवळ या निवडीने होत नाही. डार्विनला हे मत मुळीच रुचले नाही. दोघांसमोरचा पुरावा बराचसा सारखाच होता, पण त्याचा अर्थ लावण्याची भूमिका निराळी होती. आध्यात्मिक उत्क्रांतीचे बहुतेक ग्रंथ अर्थ लावण्याच्या या पातळीवर उभे आहेत, आणि त्यांचे खरे मोल समजायचे असेल तर ते तेथेच शोधावे लागते.

यासाठी वाचताना समासात तीन खुणांपैकी एक करण्याची सवय लावावी. जे विधान कोणालाही तपासता येण्याजोगे आहे त्याला ‘नि’, म्हणजे निरीक्षण. जे लेखकाने लावलेला अर्थ आहे त्याला ‘द’, म्हणजे दर्शन. आणि जे साधनेत त्याला स्वतःला आलेले आहे त्याला ‘अ’, म्हणजे अनुभव. तेयार द शार्दँच्या ‘द फिनॉमिनन ऑफ मॅन’ या ग्रंथातील एका परिच्छेदावर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. काही प्राणिवंशांत मज्जासंस्था उत्तरोत्तर गुंतागुंतीची होत गेली, हे ‘नि’ आहे. गुंतागुंतीबरोबर पदार्थाची आंतरिक बाजूही गहिरी होत जाते, हे ‘द’. आणि सारे विश्व ओमेगा नावाच्या एका बिंदूकडे अभिसरत आहे, हेही ‘द’. या ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाला १९५९ मध्ये ज्युलियन हक्सलीने आत्मीयतेने प्रस्तावना लिहिली आणि दोनच वर्षांनी पीटर मेडावरने त्याच ग्रंथावर अत्यंत कठोर टीका केली. दोघेही नामवंत जीवशास्त्रज्ञ होते. समासातील खुणा प्रामाणिकपणे केल्या, तर दोघांची दृष्टी कोठे वेगळी झाली असेल याचा अंदाज आपला आपल्याला येतो.

आपल्या परंपरेतील वचनांच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच लागते, कारण तेथे जिव्हाळा आडवा येतो. दशावतारांत मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम आहे, म्हणून प्राचीनांना उत्क्रांती ठाऊक होती, असे सर्रास सांगितले जाते. हा अर्थ डार्विननंतरचा आहे. थिऑसफी या गूढवादी चळवळीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या हेलेना ब्लाव्हाट्स्कींनी १८७७ मध्ये तो मांडला आणि पुढे तो लोकप्रिय झाला. पतंजलींच्या योगसूत्रांतील चौथ्या पादात, एका जातीतून दुसऱ्या जातीत होणारे परिवर्तन प्रकृतीच्या आपूराने, म्हणजे भरून वाहण्याने, होते, असे एक सूत्र आहे आणि लगेच पुढच्या सूत्रात शेतकऱ्याचा दृष्टांत येतो: शेतकरी पाणी उचलून शेतात नेत नाही, तो फक्त बांध फोडतो आणि पाणी आपल्या स्वभावाने वाहत जाते. मूळ संदर्भ योगसिद्धीने होणाऱ्या परिवर्तनाचा आहे, तर स्वामी विवेकानंदांनी त्यात उत्क्रांतीचे तत्त्व वाचले. मला हा अर्थ फार अर्थपूर्ण वाटतो, कारण पूर्णत्व बाहेरून आणायचे नसून त्याच्या वाटेतले अडथळे दूर करायचे आहेत, ही दृष्टी त्यातून मिळते. तरीही त्याच्यापुढे मी ‘द’ अशीच खूण करतो.

एकच दर्शन निवडावे आणि त्याच्याशी दीर्घकाळ राहावे

अनेक दर्शनांचे तक्ते एकमेकांशेजारी ठेवून, अमक्याची चौथी पातळी म्हणजे तमक्याची सहावी, असा हिशेब मांडत बसण्याचा मोह नव्या वाचकाला होतो. पहिल्या वर्षी तो टाळावा. ज्याला भक्ती आणि विज्ञान या दोन्हींची ओढ आहे त्याने तेयारपासून सुरुवात करावी. हा जेझुइट, म्हणजे कॅथलिक पंथाच्या एका संघाचा, धर्मगुरू पुराजीवशास्त्रज्ञ होता, चीनमध्ये ‘पेकिंग मानवा’च्या संशोधनात त्याचा सहभाग होता, आणि त्याच्या धर्मसंस्थेने हयातीत परवानगी न दिल्यामुळे त्याचा मुख्य ग्रंथ १९५५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. ज्याला संस्कृतीच्या इतिहासात रस आहे त्याला गेब्सर जवळचा वाटेल. ज्याला प्रत्यक्ष साधना करायची आहे त्याने मात्र श्रीअरविंदांकडे जावे, कारण त्यांच्याकडे तत्त्वज्ञान आणि योग एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

श्रीअरविंदांचे मुख्य सूत्र असे आहे की, जे मुळात जडात दडलेले नाही ते जडातून प्रकट होऊ शकत नाही. चैतन्य आधी स्वतःला झाकत जडापर्यंत उतरले आहे, म्हणूनच जडातून प्राण, प्राणातून मन आणि मनातून पुढे अतिमानस, म्हणजे मनाच्या पलीकडची चेतना, असा त्याचा उलगडा होऊ शकतो. हे विवेचन ‘आर्य’ या मासिकातून १९१४ पासून क्रमशः येत गेले आणि सुधारून १९३९-४० मध्ये ‘द लाइफ डिव्हाइन’ या नावाने ग्रंथरूप झाले. छप्पन्न प्रकरणांचा हा ग्रंथ सलग वाचून संपवण्याचा प्रयत्न करू नये. तो महिन्यामहिन्याने लिहिला गेला आहे आणि त्याच संथ गतीने वाचावा. पहिली तीन प्रकरणे एकत्र घ्यावीत. त्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणांत दोन नकारांचा विचार आहे: आत्म्याला नाकारणारा जडवादी आणि जगाला नाकारणारा संन्यासी. दोघांचीही बाजू श्रीअरविंद आदराने मांडतात आणि मगच दोघांच्याही पुढे जातात. आपला स्वतःचा कल या दोहोंपैकी कोणत्या नकाराकडे आहे, हे वाचकाने येथेच थांबून लिहून काढावे. पुढच्या सगळ्या साधनेत त्याचा उपयोग होतो.

त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९०७ च्या अखेरच्या सुरत काँग्रेसनंतर ते बडोद्याला विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर तीन दिवस एकांतात बसले. लेल्यांनी दिलेली सूचना साधी होती: ध्यानात बसा, विचार करू नका, मनाकडे फक्त पाहा, विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्यापूर्वीच परतवा. तीन दिवसांत मन पूर्ण निःशब्द झाले आणि जग एखाद्या चित्रासारखे अवास्तव भासू लागले. कित्येक साधकांनी या अनुभवालाच अखेरचे ठिकाण मानले असते. श्रीअरविंदांनी त्याला पाया मानले, त्या निःशब्दतेतूनच भाषणे व लेखन चालू ठेवले, आणि नंतरच्या साधनेत त्याच जगाला पुन्हा सत्य म्हणून स्वीकारले. त्यांच्या पूर्णयोगात वर चढण्याइतकेच, जे वर मिळाले ते घेऊन खाली येण्याला आणि मन, प्राण, शरीर यांचा स्वभाव त्याने बदलण्याला महत्त्व आहे.

भृगूची रीत

ज्याला एवढे मोठे ग्रंथ आज पेलणार नाहीत, त्याने तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्ली घ्यावी. ती काही मिनिटांत वाचून होते आणि आयुष्यभर पुरते. भृगू आपल्या पित्याकडे, वरुणाकडे जातो आणि ब्रह्म शिकवा म्हणतो. वरुण त्याला एक लक्षण सांगतो, की ज्याच्यापासून ही भूते जन्मतात, ज्याच्या आधाराने जगतात आणि ज्याच्यात परत जातात ते ब्रह्म, आणि मग तपाने जाणून घे म्हणतो. भृगू तप करतो आणि अन्न हे ब्रह्म आहे असे त्याला कळते. तो परत येतो. वरुण त्याला चूक म्हणत नाही, बरोबरही म्हणत नाही. पुन्हा तपच कर, एवढेच सांगतो. अशा रीतीने प्राण, मन आणि विज्ञान हे टप्पे येतात आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा पित्याकडे जातो. आनंद हे ब्रह्म आहे हे कळल्यावर मात्र तो परत जात नाही.

बहुतेक प्रवचने येथे थांबतात, आणि खरा धडा तर यानंतर आहे. आनंदापर्यंत पोचल्यावर उपनिषद लगेच पुन्हा अन्नाकडे वळते: ‘अन्नं न निन्द्यात्। तद् व्रतम्।’ अन्नाची निंदा करू नये, ते टाकू नये, ते पुष्कळ करावे आणि आश्रयाला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. पहिली पायरी मागे पडल्यासारखी वाटली होती, तीच आता व्रत होऊन समोर येते. समग्रतेचा याहून स्पष्ट पाठ मला दुसरीकडे सापडलेला नाही, आणि सुरुवातीला सांगितलेली कसोटी मी येथूनच घेतली आहे.

रोजची वही

आचरणासाठी तासन्‌तास ध्यानाची गरज नाही. सकाळी वीस मिनिटे लेल्यांनी सांगितल्याप्रमाणे मनाकडे पाहत बसावे आणि रात्री वहीत दिवसातला एकच प्रसंग पाच थरांत लिहावा: शरीर, प्राण, मन, विवेक आणि आनंद. समजा, बैठकीत सहकाऱ्याने सर्वांसमोर आपला प्रस्ताव खोडून काढला. शरीराच्या थरात लिहावे की जबडा आवळला गेला होता आणि खांदे वर ओढले गेले होते. प्राणाच्या थरात, की श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकला होता आणि उठून निघून जावेसे वाटत होते. मनाच्या थरात, की घरी येईपर्यंत त्याचे एकच वाक्य आणि त्याला न दिलेले उत्तर डोक्यात घोळत होते. विवेकाच्या थरात राग बाजूला ठेवला असता जे खरे दिसते ते लिहावे: त्याचे दोन आक्षेप रास्त होते, तिसरा नव्हता, आणि बोलण्याची पद्धत अपमानकारक होती. आनंदाच्या थरात बहुधा काहीच लिहिता येणार नाही. तो रिकामा ठेवावा, ओढूनताणून भरू नये.

या लेखनात वरच्या थराने खालच्याला गप्प करायचे नाही. ‘मी साक्षी आहे, मला राग नाही’ असे वाक्य वहीत आले आणि त्याच पानावर जबडा आवळल्याची नोंद असेल, तर शरीराची नोंद खरी मानावी. काही आठवड्यांनी पाने उलटून पाहिली की कोणता थर नेहमी कोरा राहतो ते दिसते. पुष्कळ अभ्यासू माणसांच्या वहीत शरीर आणि प्राण कोरे असतात. भाविक माणसांच्या वहीत विवेक. जो थर कोरा आहे, तेथेच पुढचे काम आहे. शरीर कोरे असेल तर ध्यानाची वीस मिनिटे कमी करून ती चालण्याला किंवा आसनांना द्यावीत. विवेक कोरा असेल तर आपल्या मताच्या विरोधी असा एखादा सुविचारित लेख वाचून त्याची बाजू प्रामाणिकपणे लिहून काढावी.

खालचा थर पूर्ण झाल्याशिवाय वरचा सुरू होत नाही, असा समज मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लोच्या गरजांच्या पिरॅमिडमुळे पसरला आहे. ते चित्र त्याने स्वतः काढलेले नाही, आणि १९४३ च्या मूळ लेखातच हा क्रम काटेकोर नाही, असे त्याने म्हटले आहे. साऱ्या गरजा भागेपर्यंत कोणी थांबू नये.

वाट चुकल्याची चिन्हे

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने ज्याला छाया म्हटले, म्हणजे आपल्या व्यक्तित्वातला जो भाग आपल्याला पाहायचा नसतो तो, साधना वाढली म्हणून नाहीसा होत नाही. कित्येकदा तो साधनेचीच भाषा बोलू लागतो. आध्यात्मिक वाचन सुरू केल्यापासून ज्या लोकांविषयी तुच्छता वाटू लागली आहे, त्यांची यादी करावी आणि त्यांच्यातला जो दोष सर्वांत जास्त खटकतो तो आपल्यात कोणत्या रूपात आहे, हे वहीत शोधावे. हे काम कंटाळवाणे आणि अप्रिय आहे, पण त्याला पर्याय मला माहीत नाही.

विचारशक्ती जागी होण्यापूर्वीची अवस्था आणि विचाराच्या पलीकडची अवस्था या दोन्हींत तर्क दिसत नाही, म्हणून त्या एकसारख्या भासतात, हा अमेरिकन लेखक केन विल्बर यांचा मुद्दाही उपयोगी आहे. अनुभव संपल्यावर हिशेब, दिलेला शब्द, दुसऱ्याची अडचण हे सगळे पूर्वीइतकेच किंवा अधिक स्पष्ट कळत असेल तर अनुभव विचाराच्या पलीकडचा समजावा. तर्काचाच तिटकारा येऊ लागला असेल तर थांबावे. सलग काही रात्री झोप उडणे, आवाज ऐकू येणे, आपल्यावर विशेष कार्य सोपवले आहे अशी खात्री वाटणे, असे घडल्यास त्याला जागृतीचे लक्षण म्हणू नये. ध्यान बंद करून मनोविकारतज्ज्ञाकडे जावे, आणि घरच्यांनीही यात संकोच करू नये.

सर्वांत मोठा धोका मात्र माणसांची प्रतवारी लावण्याचा आहे. थिऑसफीत मानवजातीच्या एकामागून एक येणाऱ्या ‘मूळ वंशां’ची कल्पना होती, आणि तिच्या आधाराने काही जिवंत समाजांना मागे राहिलेले ठरवले गेले. समग्रतावादाला ‘होलिझम’ हे त्याचे इंग्रजी नाव देणारा ग्रंथ १९२६ मध्ये लिहिणारे यान स्मट्स दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान होते आणि तेथील वांशिक विलगीकरणाचे समर्थकही होते. विश्वातील साऱ्या वस्तू मोठ्या पूर्णांत सामावत जातात असे सांगणाऱ्या विचारवंताला आपल्याच देशातील बहुसंख्य माणसे त्या पूर्णाचे समान भाग वाटली नाहीत, ही गोष्ट या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावी. म्हणून नियम कडक ठेवावा: चेतनेच्या पातळ्यांची भाषा फक्त स्वतःच्या एखाद्या क्षणाविषयी वापरावी, दुसऱ्या व्यक्तीविषयी किंवा समाजाविषयी कधीही नाही. एखादा गट किंवा गुरू अनुयायांना पातळ्या वाटून देत असेल, शंका विचारणाऱ्याला खालच्या पातळीचा ठरवत असेल, तर तेथून बाहेर पडावे.

एकट्याने चालताना हे धोके वाढतात, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी चार-पाच जणांनी एकत्र बसून एखादे प्रकरण मोठ्याने वाचावे. त्यांतील एक जण या विचारांशी असहमत असलेला असावा. शिवाय दर सहा महिन्यांनी आपल्याबरोबर राहणाऱ्या माणसाला विचारावे की, मी पूर्वीपेक्षा नीट ऐकतो का, चिडल्यावर लवकर निवळतो का, आणि घरातली कामे टाळतो का. उत्तर ऐकताना स्पष्टीकरण देऊ नये, ते जसेच्या तसे वहीत लिहावे.

वर्षभरानंतर दुसरे दर्शन हाती घ्यावे, आणि पहिले श्रीअरविंदांचे असेल तर दुसरे गेब्सरचे घ्यावे. १९४९ आणि १९५३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जर्मन ग्रंथात आदिम, जादूमय, पुराणकथात्मक, मानसिक आणि समग्र अशा चेतनेच्या पाच संरचना आहेत, पण त्यांना प्रगतीच्या पायऱ्या म्हणायला तो नकार देतो. आधीच्या सर्व संरचना आजच्या माणसात एकाच वेळी जिवंत आहेत, आणि प्रत्येकीचे एक समर्थ व एक ऱ्हास पावलेले रूप असते, असे तो मानतो. हे वाचताना वहीची जुनी पाने पुन्हा काढावीत आणि त्यांतील प्रत्येक प्रसंगापुढे एक प्रश्न लिहावा: येथे मी वर चढलो होतो, की माझ्यात आधीपासून असलेले काही ऱ्हासातून सावरले होते? काही प्रसंगांचे उत्तर श्रीअरविंदांच्या बाजूने जाईल, काहींचे गेब्सरच्या. ज्यांचे उत्तर ठरत नाही, त्या पानांपासून दुसऱ्या वर्षाचा अभ्यास सुरू करावा.